डायनासोरचा कंटाळा नेमका कोणाला आला?

न्यूयॉर्कच्या रस्त्यात लांब मानेचा एक आजारी डायनासोर पडला आहे आणि त्याच्यामुळे वाहतूक खोळंबली आहे. गाड्यांत अडकलेल्या माणसांना त्या जनावराचे फारसे काही वाटत नाही. आपल्याला उशीर होतोय, एवढाच त्यांचा प्रश्न. थोड्या वेळाने आपण एका संग्रहालयात जातो, तर तिथे डायनासोरचे दालन आवरायला घेतलेले असते, कारण ते बघायला आता कोणी येत नाही. जुलै २०२५मध्ये प्रदर्शित झालेला ‘जुरासिक वर्ल्ड : रीबर्थ’ या गृहीतकावर उभा आहे. जगभर पसरलेले डायनासोर हवामान न मानवल्यामुळे मरत चालले आहेत, विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात तेवढे तग धरून आहेत, आणि माणसांना त्यांचा कंटाळा आला आहे. १९९३च्या ‘जुरासिक पार्क’पासून मोजला तर हा सातवा चित्रपट. पहिल्या भागाची पटकथा मूळ कादंबरीकार मायकेल क्रायटन यांच्या जोडीने आणि दुसऱ्याची एकट्याने लिहिणारे डेव्हिड केप अठ्ठावीस वर्षांनी या मालिकेत परतले, आणि दिग्दर्शनाला गॅरेथ एडवर्ड्स आले. त्यामुळे अपेक्षा वाढणे साहजिक होते. माझे म्हणणे असे की, लोकांना कंटाळा आल्याचे हे गृहीतकच खोटे आहे. ‘रीबर्थ’मध्ये जे फसले ते बहुतेक सगळे त्या गृहीतकातून आले आहे, आणि जे साधले ते लेखक-दिग्दर्शकांना त्याचा विसर पडला त्या जागी साधले आहे.

हे गृहीतक नवे नाही. २०१५च्या ‘जुरासिक वर्ल्ड’मध्ये उद्यानाची व्यवस्थापक क्लेअर गुंतवणूकदारांना हेच सांगते: नुसत्या डायनासोरने आता कोणी थक्क होत नाही, दर काही वर्षांनी काहीतरी आणखी मोठे, आणखी भयंकर द्यावे लागते. म्हणून प्रयोगशाळेत ‘इंडोमिनस रेक्स’ नावाचे संकरित जनावर तयार होते आणि त्यातून सगळा अनर्थ ओढवतो. तिथे या विचारावर टीका होती. उद्यानाचा मालक सायमन मसरानी (ही भूमिका इरफान खान यांनी केली होती) आणि शास्त्रज्ञ डॉ. वू यांच्यातल्या खडाजंगीत तर ती उघडपणे येते. दुर्दैव असे की, ज्या हव्यासाबद्दल त्या चित्रपटाने बजावले तोच पुढे मालिकेचा धंदा होऊन बसला. २०१८च्या ‘फॉलन किंगडम’मध्ये ‘इंडोरॅप्टर’ आला. २०२२च्या ‘डॉमिनियन’मध्ये कथेचा भार चक्क टोळांच्या धाडीवर टाकला. आणि आता ‘रीबर्थ’मध्ये ‘डिस्टॉर्टस रेक्स’ हा सहा हातापायांचा, सुजलेल्या कपाळाचा विकृत प्राणी आहे. त्याच्या जोडीला रॅप्टर आणि उडत्या सरपटणाऱ्यांचा संकर करून काढलेले ‘म्युटाडॉन’ही आहेत. प्रेक्षक कंटाळला आहे असे एकदा मनात धरले की त्याच्यासमोर रोज नवा राक्षस उभा करण्याखेरीज दुसरा मार्ग सुचत नाही.

मग डायनासोरच्या चित्रपटाचा पुढचा भाग कशावर जोखायचा? ‘पहिल्याची सर नाही’ असे म्हणणे सोपे आहे, पण त्याने काही कळत नाही. लहानपणी पाहिलेल्या चित्रपटाशी कोणताही नवा चित्रपट बरोबरी करू शकणार नाही. माझी कसोटी वेगळी आहे: पडद्यावरचे हे जनावर आहे, असे चित्रपटाला स्वतःला वाटते का? जनावर म्हणजे ज्याला भूक लागते, झोप येते, ज्याची नजर कशाने तरी विचलित होते, जे आजारी पडते, जे पोट भरलेले असेल तर समोरून निघून जाते. खलनायकाला यातले काहीच नसते. त्याला नायकाचा पाठलाग करायचा असतो आणि शेवटी मरायचे किंवा हटायचे असते. ‘जुरासिक पार्क’ या कसोटीवर आजही टिकतो, आणि तो का टिकतो हे त्याच्या घडणीत नीट पाहता येते.

त्या सव्वादोन तासांच्या आतल्या चित्रपटात डायनासोर साधारण पंधरा मिनिटेच दिसतात, आणि संगणकावर केलेली दृश्ये त्यातही सहा मिनिटांच्या आसपास आहेत. बाकीचे काम स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यात घडवलेल्या, आतून यंत्रांनी हलणाऱ्या पूर्णाकृती जनावरांनी केले. टी-रेक्स तासाभराने येतो. तो येण्याआधी काय येते ते आठवून पाहावे: पाऊस, बंद पडलेल्या गाड्या, गायब झालेली शेळी, आणि पाण्याच्या पेल्यात उठणारी गोल गोल वलये. ही वलये उठावीत म्हणून डॅशबोर्डच्या खालून गिटारची तार बांधून छेडली होती. टी-रेक्स कुंपणाबाहेर आल्यापासूनच्या त्या सगळ्या हल्ल्यात पार्श्वसंगीत नाही. पाऊस, श्वास आणि पावले यांखेरीज कशाचा आधार नाही. मग तो डोळा गाडीच्या खिडकीशी आणतो, आतून विजेरीचा झोत पडतो आणि त्याची बाहुली आकसते. मला वाटते, त्या एका आकसणाऱ्या बाहुलीने जेवढा विश्वास बसतो तेवढा पुढच्या सगळ्या भागांतल्या गर्जनांनी मिळून बसत नाही. प्रकाश पडल्यावर बाहुली लहान होणे ही शरीराची गोष्ट आहे, राक्षसाची नव्हे. चित्रीकरणात त्या प्रचंड यंत्राची फोमची कातडी पावसाचे पाणी शोषून जड व्हायची, सगळे धूड थरथरायला लागायचे आणि माणसे ते पुसून कोरडे करायची. म्हणजे ते जनावर त्या जागी खरोखर होते, ओले होत होते. पुढच्या भागांतला पाऊस पुष्कळदा जनावराच्या अंगावर पडल्यासारखा वाटतच नाही.

त्याच चित्रपटातला आजारी ट्रायसेरॅटॉप्सचा प्रसंगही तसाच. तिथे कोणी कोणाचा पाठलाग करत नाही. जीवाश्मशास्त्रज्ञ डॉ. ग्रँट त्या जनावराच्या अंगावर डोके टेकून पडतो आणि त्याच्या श्वासाबरोबर स्वतः वरखाली होतो. वनस्पतींच्या जीवाश्मांची अभ्यासक एली सॅटलर त्याने काय खाल्ले हे बघायला शेणाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालते. कथेला पुढे ढकलण्यासाठी हा प्रसंग फारसा लागत नव्हता. प्रेक्षकाने या प्राण्यांवर जीव लावावा म्हणून तो होता, आणि त्यामुळेच पुढची भीतीही खरी वाटते.

आता ‘रीबर्थ’कडे वळू. यात दोन चित्रपट एकमेकांत अडकले आहेत आणि त्यांतला एक फार चांगला आहे. तराफ्याचा प्रसंग हा त्याचा उत्तम नमुना. समुद्रात नाव उलटून बेटावर आलेल्या देलगादो कुटुंबाला नदीकाठी हवा भरायचा एक तराफा सापडतो, आणि जवळच टी-रेक्स झोपलेला असतो. थोरली मुलगी तेरेसा तो तराफा ओढून काढते, फुगवते. मध्येच तराफ्याचे धूड आपल्या आणि त्या झोपलेल्या जनावराच्या आड येते, आणि ते बाजूला होते तेव्हा जागा रिकामी असते. गर्जना नाही, धक्का देणारे संगीत नाही, फक्त रिकामी जागा. नंतर तो पोहत येतो, तराफा उलथवतो, दातांनी धरतो. जेवून सुस्तावलेले, मग कुतूहलाने उठलेले जनावर इथे दिसते. हा प्रसंग क्रायटन यांच्या १९९०च्या कादंबरीतला आहे. पहिल्या चित्रपटात तो येऊ शकला नव्हता. केप यांनी तो इतक्या वर्षांनी बाहेर काढला आणि एडवर्ड्स यांनी संयमाने रंगवला. हा प्रसंग नव्या मालिकेतला सर्वांत चांगला आहे असे मी बिनदिक्कत म्हणेन. पस्तीस मिलिमीटर फिल्मवरचे चित्रीकरण आणि थायलंडमधल्या खऱ्या जंगलाची हिरवाईही इथे मदतीला आली आहे.

दुसरी जागा टायटनोसॉरसच्या कळपाची. हृदयरोगावरच्या औषधासाठी तीन सर्वांत मोठ्या प्राण्यांचे रक्त हवे, अशी कथेची बांधणी आहे: पाण्यातला मोसासॉरस, जमिनीवरचा टायटनोसॉरस आणि आकाशातला केट्झलकोअॅटलस. (या तिघांपैकी डायनासोर एकटा टायटनोसॉरस, बाकीचे दोघे सरपटणाऱ्यांच्या वेगळ्या शाखांतले.) जीवाश्मशास्त्रज्ञ डॉ. लूमिस झालेले जोनाथन बेली उंच गवतातून पुढे येतात, वर बघतात, आणि ज्यांची हाडेच आयुष्यभर हाताळली ते प्राणी एकमेकांभोवती लांब शेपट्या वेढत उभे असतात. जॉन विल्यम्स यांची जुनी धून येते. डॉ. लूमिस त्या पायाला हात लावतो आणि त्याला रडू येते. हा प्रसंग जुन्या आठवणींवर पोसलेला आहे, अशी टीका झाली. धुनीच्या बाबतीत ती मान्य करावी लागेल. पण त्या माणसाचा हात थरथरतो तो धुनीमुळे नाही, आयुष्यभराच्या अभ्यासामुळे, आणि बेली यांनी ते नेमके पकडले आहे.

आपल्या वाचकांसाठी या प्रसंगात आणखी काही आहे, आणि ते चित्रपटाला कदाचित ठाऊकही नसेल. टायटनोसॉरस हे नाव भारतातल्या हाडांवरून पडले. ठगांच्या बंदोबस्तासाठी आपल्याला माहीत असलेले कॅप्टन विल्यम स्लीमन यांना १८२८मध्ये जबलपूरजवळ काही मोठी हाडे सापडली, आणि रिचर्ड लिडेकर यांनी १८७७मध्ये ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले ते प्रामुख्याने शेपटीच्या मणक्यांच्या आधारावर. पडद्यावर ज्याच्या शेपटीचा एवढा थाट आहे त्या प्राण्याची शास्त्रातली ओळख शेपटीच्या दोन मणक्यांपुरती आहे, इतकी अपुरी की आज अनेक अभ्यासक ते नाव शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य धरत नाहीत. पुढे ते मणके हरवल्याचेच मानले जात होते; त्यांतला एक २०१२मध्ये कोलकात्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा हाती लागला. आणि ते गवत? डायनासोरांच्या काळात गवत नव्हते, ते नंतर आले, असे दीर्घकाळ धरून चालले जाई. ही समजूत मोडणारा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यातून आला. तिथे सापडलेल्या, बहुधा टायटनोसॉर कुळातल्या प्राण्यांच्या दगड झालेल्या विष्ठेत अशोक साहनी, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दिसले आणि २००५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. पुढच्या अभ्यासात त्यांत भाताच्या कुळातल्या गवतांचीही चिन्हे मिळाली. आज जो प्रदेश धानाचा म्हणून ओळखला जातो त्याच्या जमिनीखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा ठेवा आहे. एली सॅटलरने पडद्यावर शेणात हात घातला होता. या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्षात जवळपास तेच केले आणि पृथ्वीच्या इतिहासातले एक पान बदलले.

मुद्दाम एवढ्या विस्ताराने सांगितले, कारण माझा युक्तिवाद इथेच आहे. आश्चर्य संपलेले नाही. १९९३नंतर या शास्त्रात जेवढे घडले तेवढे त्याआधीच्या शतकात घडले नसेल. १९९६मध्ये चीनमध्ये पिसांसारखे आवरण असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स सापडला. २०१०मध्ये त्याच्या शेपटीवरचे तांबूस आणि पांढरे पट्टे, म्हणजे प्रत्यक्ष रंग, ओळखता आले. व्हेलॉसिरॅप्टरच्या हातावर पिसांच्या मुळांच्या खुणा २००७मध्ये दिसल्या. यांतले मालिकेत काय आले? २००१च्या तिसऱ्या भागात रॅप्टरच्या डोक्यावर दोन-चार काड्या आणि २०२२मध्ये पायरोरॅप्टरसारखे मोजकेच पिसांचे प्राणी. ‘डॉमिनियन’ हा एकूण फसलेला चित्रपट. तरी त्यात लोकांच्या लक्षात राहिलेली जागा कोणती? लांबलचक नखांचा थेरिझिनोसॉरस येतो आणि क्लेअर डबक्याच्या पाण्यात श्वास रोखून लपते. तो प्राणी शाकाहारी. आणि तो कोणा पटकथाकाराने रचलेला नाही, मंगोलियाच्या खडकात खरोखर सापडलेला आहे. भीतीसाठी नवा राक्षस लागत नाही याचा पुरावा मालिकेनेच दिला आहे.

तरीही ‘रीबर्थ’चा शेवट डिस्टॉर्टस रेक्सकडे जातो. चित्रपटाच्या सुरुवातीला चॉकलेटचा कागद यंत्रात अडकून प्रयोगशाळेची दारे निकामी होतात आणि तो सुटतो, तेव्हा धूर आणि लाल दिव्यांत त्याची आकृती अर्धीच दिसते. तेवढ्यावर तो भीतिदायक आहे. शेवटी तो पूर्ण दिसतो आणि भीती ओसरते. हा प्राणी काय खातो, कशाला घाबरतो, त्याला दिसते की वास येतो, एवढी वर्षे त्या बेटावर तो कसा जगला, यांतले काहीच आपल्याला कळत नाही. कळावे असे चित्रपटालाही वाटत नाही. खरे तर त्याच्यात करुण गोष्ट दडलेली होती: माणसाने घडवून टाकून दिलेला, वेदनेत जगणारा जीव. ती गोष्ट सांगितली असती तर या प्राण्याला अर्थ आला असता. पण त्याला फक्त अंधारातून बाहेर यायचे, औषध कंपनीच्या क्रेब्जला खायचे आणि महर्शला अली यांनी केलेल्या किनकेडच्या हातातल्या पेटत्या ज्योतीमागे धावायचे, एवढेच काम आहे. ती ज्योतही पहिल्या भागातली.

माणसांच्या बाबतीतही तसेच झाले आहे. स्कार्लेट जोहान्सन यांची मोहीमप्रमुख झोरा आणि नावेचा कप्तान किनकेड नावेवर आपापली दुःखे सांगतात. दोघेही ताकदीचे कलाकार, पण संवादात सगळे उरकून टाकल्यावर त्या दुःखांना पुढे काही काम उरत नाही. त्याउलट औषधाचा प्रश्न किती मोलाचा होता! जीव वाचवणारे औषध एका कंपनीच्या मालकीचे असावे की सगळ्या जगाचे, हा वाद लूमिस काढतो. औषधांच्या किमतींनी घरे बसल्याची उदाहरणे ज्या देशात रोज दिसतात तिथल्या प्रेक्षकाला तो थेट भिडला असता. पहिल्या चित्रपटात वितळत्या आइस्क्रीमसमोर बसलेले उद्यानाचे निर्माते हॅमंड आणि एली यांचा जो प्रसंग आहे, ज्यात एकही डायनासोर नाही, त्याच्या तोडीचा प्रसंग इथे लिहिता आला असता. प्रत्यक्षात हा वाद दोन-तीन वाक्यांत आटोपला आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. सुमारे १८ कोटी डॉलर खर्चून केलेल्या ‘रीबर्थ’ने जगभरात ८६ कोटी डॉलरांहून जास्त गल्ला जमवला, मग लोकांना आवडला नाही असे कसे म्हणायचे? मी तसे म्हणतही नाही. पण आकडे ओळीने मांडले तर काय दिसते? २०१५मध्ये साधारण १६७ कोटी डॉलर, २०१८मध्ये १३१ कोटी, २०२२मध्ये १०० कोटी, आणि आता ८७ कोटींच्या आसपास. यात करोनानंतर बदललेल्या सवयींचा वाटा आहे, तिकिटांचे दर बदलले आहेत, त्यामुळे या उतरणीवरून एकच निष्कर्ष काढणे बरोबर नाही. सर्वांत जास्त कमाई करणाऱ्या २०१५च्या भागातही संकरित राक्षस होताच, हेही खरे. मात्र तो भाग चौदा वर्षांच्या खंडानंतर आला होता आणि चालू असलेले उद्यान प्रथमच दाखवत होता. लोक ते उद्यान बघायला गेले. राक्षस वाढत गेले आणि गल्ला आटत गेला, एवढे तरी या आकड्यांवरून म्हणता येते. दरवेळी काहीतरी आणखी भयंकर दिल्याने प्रेक्षक टिकतो, हा दावा त्यांतून सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पहिला चित्रपट तरी कुठे शास्त्रशुद्ध होता? त्यातला व्हेलॉसिरॅप्टर खऱ्यापेक्षा खूप मोठा. खरा साधारण टर्कीएवढा. डायलोफोसॉरसची ती पसरणारी झालर आणि विषाची पिचकारी ही निव्वळ कल्पना. शिवाय कथेतच हे प्राणी बेडकाचा डीएनए घालून जुळवलेले आहेत, म्हणजे मुळात कोणीच ‘खरा’ डायनासोर नाही. तिसऱ्या भागात डॉ. ग्रँट स्वतः त्यांना उद्यानासाठी बनवलेले राक्षस म्हणतो. मग डिस्टॉर्टसवरच राग का? उत्तर असे की, शास्त्रीय अचूकता ही माझी कसोटीच नाही. चूक असलेला डायलोफोसॉरसही आधी कुतूहलाने मान वाकडी करून उद्यानाचा संगणकतज्ज्ञ नेड्री याच्याकडे बघतो, उड्या मारत त्याच्या मागे येतो आणि मग पिसाळतो. त्याला स्वभाव आहे. चुकीच्या मापाचे रॅप्टरही स्वयंपाकघरात दार उघडायला शिकतात, एकमेकांना साद घालतात, पळीच्या आवाजाने फसतात. त्या चुका एखाद्या प्राण्याची कल्पना करताना झालेल्या आहेत. डिस्टॉर्टसमध्ये प्राण्याची कल्पना करणेच सोडून दिले आहे.

तिसरा आक्षेप आजच्या प्रेक्षकाच्या धीराचा. मोबाइलवर वाढलेली पिढी टी-रेक्ससाठी तासभर थांबणार नाही, असे सांगितले जाते. याला उत्तर द्यायला एडवर्ड्स यांचाच २०१४चा ‘गॉडझिला’ पुरेसा आहे. त्यात गॉडझिला फार थोडा वेळ दिसतो, बराच काळ धुरात आणि अंधारात असतो, आणि तरीही त्या चित्रपटाने ५० कोटी डॉलरांच्या पुढे मजल मारली. २०२३चा जपानी ‘गॉडझिला मायनस वन’ तर युद्धात हरलेल्या, अपराधी मनाच्या माणसांची गोष्ट आहे. हॉलीवूडच्या मानाने अगदी किरकोळ खर्चात झालेल्या त्या चित्रपटाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. दुसऱ्या बाजूला २०२२मध्ये आलेली ‘प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ ही माहितीपट मालिका, जिच्यात टी-रेक्स पिल्लांना घेऊन पोहतो आणि कोणी माणूस मरत नाही, तीही आवडीने पाहिली गेली. ‘रीबर्थ’मधल्या ओस पडलेल्या संग्रहालयाच्या उलट खऱ्या जगात २०२४मध्ये स्टेगोसॉरसचा एक सांगाडा लिलावात सुमारे साडेचार कोटी डॉलरांना गेला. शास्त्राच्या दृष्टीने असे लिलाव घातकच आहेत, कारण हाडे अभ्यासकांच्या हातून निसटतात. पण कंटाळलेल्या जगात एवढी किंमत कोणी मोजत नाही. आपल्याकडेही १९९४मध्ये हिंदीत डब झालेल्या ‘जुरासिक पार्क’नेच हॉलीवूडला भारतीय भाषांतला प्रेक्षक किती मोठा आहे हे दाखवून दिले. त्या प्रेक्षकाला जनावर बघायचे होते आणि त्याने ते डोळे भरून पाहिले.

कंटाळा आला असेल तर तो बनवणाऱ्यांना, आणि त्याला कारणही आहे. दिग्दर्शक ठरल्यापासून ‘रीबर्थ’ पडद्यावर येईपर्यंत जेमतेम दीड वर्ष गेले. एवढ्या घाईत विचार करून उभे केलेले जनावर दोन-तीन प्रसंगांतच मिळणार. उरलेल्या जागा ओळखीच्या गोष्टींनी भरल्या जातात. म्हणून दुकानातल्या म्युटाडॉनचा पाठलाग जुन्या स्वयंपाकघराची नक्कल वाटतो, आणि देलगादोंच्या धाकट्या इझाबेलाच्या पिशवीत बसणारा गोड अॅक्विलॉप्स खेळण्यांच्या दुकानासाठी आल्यासारखा वाटतो. त्याच लेखक-दिग्दर्शकांनी तराफ्याचा प्रसंग केला आहे, म्हणून कुवतीचा प्रश्न नाही.

एवढ्या कमाईनंतर पुढचा भाग येईल यात शंका नाही. त्यासाठी मालमसाला हवा असेल तर गुजरातेतल्या धोली डुंगरीचे जीवाश्म बघावेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना १९८०च्या दशकात तिथे सॉरोपॉड डायनासोरचे एक घरटे सापडले. त्यात अंडी होती, नुकतेच अंड्याबाहेर आलेले, अर्ध्या मीटरच्या आसपासचे पिल्लू होते, आणि पुढे अनेक वर्षांनी लक्षात आले की त्याच्याशेजारी एका अंड्याभोवती साडेतीन मीटर लांबीचा साप होता. ‘सनाजे इंडिकस’ या नावाने २०१०मध्ये तो जगापुढे आला. पिल्लावर टपलेल्या सापासकट ते सगळे घरटे वाहून आलेल्या गाळात गाडले गेले होते. घरट्याशी आलेला साप, कवच फोडणारे पिल्लू, आणि वरून सुटलेला गाळ: यावर दहा मिनिटांचा श्वास रोखायला लावणारा प्रसंग उभा राहतो, आणि त्यासाठी सहा हातापायांचे काहीही लागत नाही. केप यांना तो लिहिता येईल, एडवर्ड्स यांना तो दाखवता येईल. निर्मात्यांनी त्यांना त्यासाठी वेळ द्यावा आणि शेवटी राक्षस आलाच पाहिजे ही अट काढून टाकावी.